पगार इंग्रजीचा, लेखणी मराठीची

परक्या देशात राहून लिहायचे तर आधी पोटाची सोय बघावी लागते. लेखकाला परदेशात सहज मिळणाऱ्या उद्योगांत इंग्रजी शिकवणे हा गेली शंभर-सव्वाशे वर्षे सर्वांत हाताशी असलेला उद्योग आहे. त्याला भांडवल लागत नाही, हत्यारे लागत नाहीत आणि संध्याकाळ बहुधा मोकळी मिळते. जेम्स जॉइस १९०४ मध्ये डब्लिन सोडून निघाला तो एड्रियाटिक समुद्राकाठी पोला आणि मग ट्रिएस्ट इथल्या बर्लिट्झ शाळांत इंग्रजीचे वर्ग घेऊ लागला. व्यापारी आणि आरमारी अधिकारी हे त्याचे विद्यार्थी. डब्लिनवरची त्याची पहिली पुस्तके ह्या शिकवण्यांच्या पैशावर जगत लिहिली गेली. पॉल थेरो १९६३ मध्ये अमेरिकेच्या पीस कोअरतर्फे आफ्रिकेतल्या मलावीत शिक्षक म्हणून गेला, पुढे युगांडा आणि सिंगापूरला शिकवत राहिला आणि त्यातूनच प्रवासलेखक झाला.

ह्या धंद्याची आजची घडी दुसऱ्या महायुद्धानंतर बसली. ब्रिटिश कौन्सिल १९३४ मध्येच स्थापन झाली होती. पीस कोअर १९६१ मध्ये आली. वसाहती स्वतंत्र झाल्या, पण नव्या सरकारांना कॉलेजे चालवायला, इंजिनिअर घडवायला इंग्रजी हवेच होते. जपानने १९८७ मध्ये 'जेट' नावाची योजना काढून परदेशी तरुणांना आपल्या शाळांत सहायक शिक्षक म्हणून बोलवायला सुरुवात केली. शिकवण्याचे प्रमाणपत्र मिळवणे फार अवघड नाही. केंब्रिजच्या 'सेल्टा' ह्या प्रसिद्ध अभ्यासक्रमाला किमान १२० तास आणि प्रत्यक्ष वर्गावर सहा तास शिकवणे एवढे पुरते. अवघड असतो तो पासपोर्ट. दक्षिण कोरियात भाषाशिक्षकाचा व्हिसा मुख्यतः ज्या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे ते म्हणजे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतात इंग्रजीत एम.ए., पीएच.डी. केलेल्या माणसापेक्षा टोरांटोहून कालपरवा पदवी घेतलेला पोरगा तिथे 'अस्सल' ठरतो. हा नियम भाषेच्या जाणकारीचा नाही, पासपोर्टचा आहे.

महाराष्ट्र आणि गोव्यापुरते बोलायचे तर परदेशस्थ इंग्रज लेखकांची मालिका फार मागे, थॉमस स्टीफन्सपर्यंत जाते. विल्टशरमध्ये जन्मलेला हा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. इंग्रजी शिकवायला तो आला नव्हता. तेव्हा इंग्रजी शिकायचे कारणही कोणाला नव्हते. त्याने केले ते उलटे. साष्टीतल्या लोकांची भाषा शिकून त्याने कोकणीचे व्याकरण लिहिले आणि १६१६ मध्ये छापलेले 'क्रिस्तपुराण' मराठी ओवीत रचले. इंग्लंडमध्ये शेक्सपियर वारला त्याच वर्षी एका इंग्रजाची मराठी ओवी गोव्यात छापून निघाली.

इंग्रजी शिकवायला पगारी माणसे आली ती कंपनी सरकारच्या काळात. त्यांतला लेखक म्हणून नाव झालेला माणूस एडविन अर्नोल्ड. पंचविशीच्या आसपास तो पुण्याला संस्कृत कॉलेजचा, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजचा, प्राचार्य होऊन आला आणि १८५७ च्या उठावाचा काळ त्याने इथेच काढला. इथे तो संस्कृत शिकला, हितोपदेशाच्या आधाराने १८६१ मध्ये एक पुस्तक केले आणि इंग्लंडला परतून वृत्तपत्रात नोकरी धरली. १८७९ मध्ये त्याने गौतम बुद्धावर 'लाइट ऑफ एशिया' हे दीर्घकाव्य लिहिले. ते युरोप-अमेरिकेत घरोघरी गेले. पुण्याची शिदोरी त्याला जन्मभर पुरली. 

पुण्याशेजारच्या सातारा जिल्ह्यात इंग्रजी शिक्षकांची वसाहत म्हणावी अशी एकच जागा होती, ती पाचगणी. साहेबांच्या आजारी माणसांसाठी वसवलेल्या ह्या गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजी वळणाच्या निवासी शाळा निघू लागल्या. किमिन्स, सेंट जोसेफ, सेंट पीटर्स ही त्यांतली जुनी नावे. झांझिबारचा फरूख बलसारा, म्हणजे पुढचा गायक फ्रेडी मर्क्युरी, सेंट पीटर्समध्येच शिकला. पसरणीचा घाट उतरले की वाईत संस्कृत पाठशाळा, प्राज्ञपाठशाळा आणि पुढे मराठी विश्वकोशाचे कार्यालय. दोन्ही गावांत अंतर दहा-बारा किलोमीटरचे. पण वरची इंग्रजी आणि खालची मराठी ह्यांचे बोलणे फारसे झाल्याचे दिसत नाही.

ते बोलणे त्याच जिल्ह्यात, पण पूर्वेच्या कोरड्या बाजूला झाले. फलटण हे नाईक निंबाळकरांच्या संस्थानाचे गाव; शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई इथल्याच. महानुभावांची ही दक्षिण काशी, आणि आषाढात ज्ञानेश्वरांची पालखी लोणंद, तरडगाव करत इथे मुक्कामाला येते. नीरेच्या कालव्यामुळे अर्धा तालुका उसाचा, अर्धा मेंढरांचा. ह्या गावात १९६६ मध्ये मॅक्सीन बर्नसन ही अमेरिकन बाई भाषेचा अभ्यास करायला आली.

बर्नसन मिशिगन राज्यातल्या, जन्म १९३५ चा. भारतात त्या प्रथम १९६१ मध्ये आल्या त्या इंग्रजी शिकवायलाच. हैदराबादच्या विवेकवर्धिनी कॉलेजात त्यांनी दोन वर्षे इंग्रजी शिकवले. विवेकवर्धिनी ही निजामाच्या राजधानीत मराठी मंडळींनी विसाव्या शतकाच्या आरंभी काढलेली संस्था. म्हणजे तेलुगू-उर्दूच्या शहरात ही अमेरिकन शिक्षिका पहिल्याच नोकरीत मराठी घरात येऊन पडली. इथपर्यंतची गोष्ट त्या काळच्या शेकडो अमेरिकन तरुणांची आहे. दोन वर्षे शिकवायचे, फोटो काढायचे, परत जाऊन आठवणी लिहायच्या. बर्नसनही परत गेल्या, पण पेनसिल्व्हानिया विद्यापीठात भाषाविज्ञान शिकायला. आणि प्रबंधासाठी त्यांनी निवडली फलटणची बोली.

भाषावैज्ञानिकांचा तेव्हाचा शिरस्ता पुण्याच्या शिष्ट मराठीचे नियम मांडण्याचा होता. एका तालुक्याच्या गावात कोण कसे बोलतो आणि जात, शिक्षण, वय ह्यांप्रमाणे ते बोलणे कसे बदलते हे पाहणे नवे होते. एकाच पेठेत कोणी 'पाणी' म्हणतो, कोणी 'पानी'. कोणी 'आणि' म्हणतो, कोणी 'आन्'. ऐकणाऱ्याला तेवढ्यावरून बोलणाऱ्याचे घर कळते. शाळेतल्या मास्तरांनाही कळते, आणि तिथेच मुलाचे नशीब फिरते. फलटणच्या बोलीतल्या ह्या भेदांवरच्या प्रबंधावर बर्नसन यांना १९७३ मध्ये पीएच.डी. मिळाली. प्रबंध झाला की अभ्यासक गाव सोडतो. बर्नसन यांनी सोडले नाही. १९७८ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. गावात त्यांना मॅक्सीनमावशी म्हणू लागले.

पुढे त्यांनी फलटणमध्ये जे केले त्याचे मूळ ह्या बोलीच्या अभ्यासात आहे. दलित वस्तीतली मुले तीन-तीन, चार-चार वर्षे शाळेत जातात आणि तरी त्यांना वाचता येत नाही, हे त्यांना दिसत होते. त्यांनी वस्तीतल्या मुलांसाठी अनौपचारिक वर्ग सुरू केले, त्यातून ऐंशीच्या दशकात प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा निघाली. शाळा मराठी माध्यमाची. अमेरिकेत जन्मलेल्या इंग्रजीच्या शिक्षिकेने तालुक्याच्या गावात काढलेली शाळा इंग्रजी माध्यमाची असती तर पालकांची रांग लागली असती. ऐंशीच्या दशकात तशा शाळांचे पीक यायला लागलेच होते. बर्नसन यांचे म्हणणे सरळ होते. वाचायला शिकायचे ते ज्या भाषेत मूल विचार करते त्या भाषेत. इंग्रजी चांगले शिकवावे, पण विषय म्हणून.

त्यांच्या वाचन-लेखनाच्या पद्धतीचे सूत्रही समजण्याजोगे आहे. रूढ पद्धतीत मूल आधी अ ते ज्ञ घोकते, मग बाराखडी, मग शब्द. घोकंपट्टी संपेपर्यंत अर्थाची गाठच पडत नाही, आणि ज्या घरात पुस्तक नाही तिथल्या मुलाला हे सगळे कशासाठी चालले आहे तेच कळत नाही. त्याऐवजी मोजकी अक्षरे आणि एखाद-दुसरी मात्रा घेतली की लगेच शब्द होतात, शब्दांची लहान वाक्ये होतात आणि पहिल्या काही दिवसांतच मुलाला आपण वाचतो आहोत असे वाटते. मग अक्षरांचा पुढचा गट. क्रम वर्णमालेचा नाही, उपयोगाचा. मुलाने घरची बोली वर्गात बोलली तर ती चूक धरायची नाही. प्रमाण मराठी ही त्याला आणखी एक मिळणारी गोष्ट, आधीची काढून घेऊन दिलेली नव्हे.

शाळेला ज्यांचे नाव दिले त्या कमला निंबकरही जन्माने अमेरिकन. न्यू जर्सीतल्या क्वेकर पंथाच्या घरातली एलिझाबेथ लंडी १९३० मध्ये लग्न करून मुंबईला आली आणि कमला निंबकर झाली. भारतातले व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, पहिले विद्यालय त्यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केले. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर ह्यांनी फलटणला शेती आणि शेळ्यामेंढ्यांवरच्या संशोधनाची संस्था उभी केली.

आता उलटी वाट. मराठी साहित्यात एक जरा विचित्र गोष्ट आहे, ती इतकी सवयीची झाली आहे की कोणाला विचित्र वाटत नाही. मराठी वाङ्मय घडवणाऱ्या माणसांतले कितीतरी जण इंग्रजीचे मास्तर होते. मर्ढेकर, विंदा करंदीकर, जी. ए. कुलकर्णी, नेमाडे ह्या सगळ्यांनी इंग्रजी शिकवले. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजातही तेच. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये सांगली-मिरज रस्त्यावर काढलेल्या ह्या कॉलेजात विनायक कृष्ण गोकाक ऑक्सफर्डहून परतून प्राचार्य झाले. शिकवायचे इंग्रजी, लिहायचे कन्नडमध्ये, आणि विद्यार्थी बहुतेक मराठी. समुद्रप्रवासावरच्या त्यांच्या कविता कन्नडमध्ये गाजल्या; १९९० चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. त्याच कॉलेजात म. द. हातकणंगलेकरांनी इंग्रजी शिकवले आणि मराठी समीक्षा लिहिली. २००८ मध्ये साहित्य संमेलन सांगलीला भरले तेव्हा अध्यक्ष तेच होते. पगार इंग्रजीचा आणि लेखणी मातृभाषेची, ही वाटणी घरच्या घरीच पक्की झालेली होती. नेमाड्यांच्या 'बिढार' ते 'झूल' ह्या चार कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील तर ह्या गावातून त्या गावात कॉलेज बदलत हिंडणारा इंग्रजीचा प्राध्यापक आहे. त्याचे उपरेपण पाहिले तर परदेशस्थ व्हायला सीमा ओलांडावीच लागते असे नाही हे पटते.

दिलीप चित्रे ह्यांनी ती ओलांडली. पहिला संग्रह 'कविता' १९६० मध्ये आला आणि त्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते इथिओपियात इंग्रजी शिकवायला गेले. १९६३ पर्यंत तिथे होते. इथिओपियाच का, ह्याचे उत्तर त्या देशाच्या इतिहासात आहे. इटलीचा पाच वर्षांचा कब्जा १९४१ मध्ये उठल्यावर सम्राट हेले सेलासींनी माध्यमिक शाळांत इंग्रजी माध्यम ठेवले. देशात इंग्रजी येणारे शिक्षक नाहीत, ब्रिटिश महाग. भारतात मात्र इंग्रजीचे पदवीधर मुबलक, आणि इथल्या पगाराच्या मानाने तिकडचा पगार भरघोस. साठच्या दशकात तिथल्या माध्यमिक शाळांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने होते. डोंगरी गावांतसुद्धा मल्याळी, गुजराती, मराठी मास्तर सापडत.

मराठी माणसाला तो देश एका बाबतीत चटकन ओळखीचा वाटावा असा आहे. अम्हारिक लिपीत प्रत्येक व्यंजनाला स्वरांप्रमाणे सात रूपे असतात. भिंतीवर लावलेला त्यांचा तक्ता म्हणजे आपली बाराखडीच, बारा ऐवजी सात घरांची. कालगणना मात्र चक्रावणारी. वर्षाचे महिने तेरा, आणि सनाचा आकडा आपल्या इंग्रजी सनाच्या सात-आठ वर्षे मागे. सम्राटांचे घराणे स्वतःची वंशावळ राजा सॉलोमन आणि शिबाच्या राणीपर्यंत नेत असे. चित्र्यांच्या प्रवासवर्णनाचे नाव 'शिबा राणीच्या शोधात' आहे ते त्यामुळे. त्या काळी मराठी प्रवासवर्णन म्हणजे बहुधा लंडन-पॅरिस आणि तिथली हुकलेली बस. गरीब, काळ्या, ख्रिस्ती आणि कधी नीट वसाहत न झालेल्या देशात नोकरी करून राहिलेल्या मराठी कवीचे पुस्तक त्या रांगेत बसत नाही, आणि म्हणूनच ते अधिक मोलाचे आहे. चित्रे पुढे १९७५ ते ७७ आयोवात होते. इंग्रजीतही त्यांनी कविता लिहिली. पण त्यांचे इंग्रजीतले सर्वांत मोठे काम म्हणजे तुकाराम. 'सेज तुका' १९९१ मध्ये आले, आणि १९९४ मध्ये मराठी कविता व अनुवाद अशा दोन्हींसाठी साहित्य अकादमीचे पुरस्कार त्यांना एकाच वर्षी मिळाले.

विलास सारंग ह्यांची वाट आणखी लांबची. जन्म १९४२, कारवारचा. मुंबईत इंग्रजीची पीएच.डी. झाल्यावर त्यांनी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात दुसरी केली, आणि सत्तरच्या दशकात इराकमध्ये बसऱ्याच्या विद्यापीठात शिकवायला गेले. तेलाचा पैसा आलेला, विद्यापीठे नवी, शिक्षक बाहेरून आणायचे. कारणे इथिओपियाहून वेगळी, व्यवहार तोच. नंतर मुंबई विद्यापीठात इंग्रजी विभागाचे प्रमुख, मग पुन्हा आखात, ह्या वेळी कुवेत. बसऱ्याच्या अनुभवातून 'एन्कीच्या राज्यात' ही कादंबरी झाली. एन्की हा सुमेरी लोकांचा गोड्या पाण्याचा आणि शहाणपणाचा देव, आणि त्याचे एरिडू शहर दक्षिण इराकमध्येच होते. मराठी आवृत्ती १९८३ ची. तोवर इराण-इराक युद्ध पेटून बसऱ्यावर तोफगोळे पडत होते, म्हणजे कादंबरीतले शहर पुस्तक येईपर्यंत तसे उरले नव्हते. हुकूमशाहीतला बाहेरचा मास्तर किती बोलू शकतो, विद्यार्थ्यांतला कोण कोणाला काय कळवतो, ही धास्ती मराठी कादंबरीत त्याआधी आलेली नव्हती. सारंग आधी मराठीत लिहीत आणि मग स्वतःच इंग्रजी करीत. 'इन द लँड ऑफ एन्की' १९९३ मध्ये आले. इंग्रजी वाचकाने त्यांची दखल मराठी वाचकाहून आधी घेतली, हे मराठी समीक्षेला फारसे भूषणावह नाही.

चित्रे काय, सारंग काय, दोघांनाही इंग्रजीत लिहिता येत होते, दोघांनी लिहिलेही. तरी परक्या देशाचा अनुभव आधी उतरला तो मराठीत. कदाचित दिवसभर वर्गात इंग्रजीचे व्याकरण दुरुस्त करून आलेल्या माणसाला रात्री ती भाषा नकोशी होत असेल. शिवाय जिथे आजूबाजूला कोणालाच मराठी येत नाही तिथे मराठीत लिहिणे म्हणजे दार लावून बसण्यासारखे, आणि बसऱ्यासारख्या शहरात ते सुरक्षितही.

इकडे आलेल्यांची आणि तिकडे गेलेल्यांची, ह्या दोन वाटा जिथे मिळतात ते ठिकाण पुन्हा सातारा जिल्ह्यातच, फलटण तालुक्यातले विंचुर्णी. गौरी देशपांडे इंग्रजीच्या प्राध्यापक. फर्ग्युसन कॉलेजात आणि पुणे विद्यापीठात त्यांनी शिकवले. सुरुवातीला इंग्रजीत कविता लिहिल्या, आणि बर्टनचे 'अरेबियन नाइट्स' मराठीत सोळा खंडांत आणले. बरीच वर्षे त्या परदेशात राहिल्या. त्यांच्या नायिका कुठल्याही देशाच्या विमानतळावर सहज वावरतात, 'तेरुओ'मध्ये प्रेमाचा माणूस जपानी असतो, आणि ह्यात मिरवण्यासारखे काही आहे असे लेखिकेला वाटत नाही. असे जग फिरलेली ही बाई माळरानावरच्या विंचुर्णीत घर करून राहिली आणि 'विंचुर्णीचे धडे' लिहिले. शीर्षकात शिक्षिका गौरी देशपांडे आहेत असे वाटते. पुस्तक वाचले की धडे देणारे गाव आहे हे कळते.

जवळच फलटणला त्यांच्या थोरल्या भगिनी जाई निंबकर राहत. दोघी इरावती कर्व्यांच्या मुली, आणि जाईबाई बनबिहारी निंबकरांच्या पत्नी, म्हणजे कमला निंबकरांच्या सून. त्या लिहीत इंग्रजीत. १९९३ च्या त्यांच्या 'कम रेन' कादंबरीची नायिका भारतीयाशी लग्न करून इथे राहायला आलेली अमेरिकन मुलगी आहे. ह्या जाईबाई आणि मॅक्सीन बर्नसन ह्यांनी मिळून अमेरिकन विद्यार्थ्यांना मराठी शिकवण्याची पुस्तके तयार केली. मराठीचे संदर्भ-व्याकरण १९७५ मध्ये आले, आणि मराठी-इंग्रजीचा सोपा शब्दकोश. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला पहिली पायरी म्हणून आजही ह्याच पुस्तकांचे नाव सांगितले जाते. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मराठीचे जे कोश कोणालाही फुकट पाहता येतात, त्यांत मोल्सवर्थच्या १८५७ च्या जाडजूड कोशाशेजारी बर्नसन यांचा हा फलटणचा कोश आहे.